ॲबिगेल ॲडम्स : प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावरील माता

एखादे राष्ट्र राजाची सत्ता झुगारून प्रजासत्ताक होते, तेव्हा तेथील स्त्रीच्या वाट्याला नेमके काय येते, हा प्रश्न तुम्हांला राज्यशास्त्राचा वाटण्याची शक्यता आहे. प्रस्तुत चरित्रलेखात आपण तो एका स्त्रीच्या आयुष्यातून समजून घेणार आहोत. ॲबिगेल ॲडम्स यांची ओळख सहसा अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आणि सहाव्या राष्ट्राध्यक्षांच्या माता अशी करून दिली जाते. ही ओळख खरी आहे. पण ती पती आणि पुत्र यांच्या पदांवर उभी आहे, याकडे वाचताना लक्ष असू द्या. आपल्या विषयाची गाठ तेथेच आहे.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ मध्ये इंग्लंडच्या राजाशी संबंध तोडले. राज्य राजाच्या धाकावर चालणार नसेल, तर ते नागरिकांच्या सद्गुणांवर चालले पाहिजे, अशी त्या काळच्या विचारवंतांची धारणा होती. मग सद्गुणी नागरिक घडवायचा कोणी? उत्तर आले, मातेने. स्वार्थापेक्षा लोकहित मोठे, हा संस्कार पाळण्यातल्या मुलावर तीच करू शकते, आणि त्यासाठी ती स्वतः शिकलेली असली पाहिजे, असे प्रतिपादन होऊ लागले. बेंजामिन रश या प्रसिद्ध वैद्यांनी १७८७ मध्ये फिलाडेल्फियातील मुलींच्या विद्यालयात दिलेले व्याख्यान याच विचाराचे होते. पुढे लिंडा कर्बर या इतिहासकार विदुषींनी १९७६ मध्ये या आदर्शाला नाव दिले, ते मराठीत प्रजासत्ताक मातृत्व असे सांगता येईल. या आदर्शाने स्त्रीला मान दिला, मत दिले नाही. पंडिता रमाबाईंचे युनायटेड स्टेट्सवरील १८८९ चे मराठी पुस्तक तुमच्यापैकी काहींनी चाळले असेल. त्यात त्यांनी अमेरिकन स्त्रियांच्या स्थितीची आणि त्यांच्या संघटित प्रयत्नांची आस्थेने चर्चा केली आहे. त्या स्त्रिया ज्या घरांतून बाहेर पडल्या, त्या घरांची घडण शतकभर आधी, ॲबिगेल यांच्या पिढीत झाली होती.

ॲबिगेल यांचा जन्म १७४४ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील वेमथ या गावी झाला. वडील विल्यम स्मिथ हे धर्मोपदेशक होते. आई एलिझाबेथ या क्विन्सी या प्रतिष्ठित घराण्यातील होत्या. लहानपणी ॲबिगेल यांची प्रकृती नाजूक असे, आणि त्या कधीही शाळेत गेल्या नाहीत. केवळ प्रकृतीमुळे असे समजू नका. त्यांच्यासारख्या घरांतील मुलांसाठी हार्वर्डचे महाविद्यालय होते; मुलींसाठी वाचण्या-लिहिण्यापुरते शिक्षण आणि शिवणकाम पुरेसे मानले जाई. वडिलांच्या ग्रंथसंग्रहाने आणि पुढे थोरल्या बहिणीचे पती झालेल्या रिचर्ड क्रँच यांच्या मार्गदर्शनाने जे काही झाले, तेच त्यांचे शिक्षण. त्यातून शेक्सपिअर, मिल्टन, पोप त्यांच्या परिचयाचे झाले. आपले शुद्धलेखन कच्चे आहे आणि विरामचिन्हे जागेवर पडत नाहीत, याची खंत त्यांना जन्मभर होती. घरची कामे उरकून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या तुमच्यापैकी अनेकींना ही खंत परकी वाटणार नाही.

ऑक्टोबर १७६४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह जॉन ॲडम्स या वकिलाशी झाला. पुढील आठ वर्षांत पाच अपत्ये झाली. थोरली कन्या आईच्याच नावाची, घरात तिला नॅबी म्हणत. नंतर जॉन क्विन्सी, दुसऱ्या वर्षीच दगावलेली सुझॅना, मग चार्ल्स आणि थॉमस. १७७४ मध्ये जॉन वसाहतींच्या काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून फिलाडेल्फियाला गेले आणि या दांपत्याच्या दीर्घ ताटातुटीला आरंभ झाला. १७८४ पर्यंतच्या दहा वर्षांतील बहुतेक काळ ती दोघे एकमेकांपासून दूर होती. या दुराव्यामुळेच त्यांची पत्रे निर्माण झाली. दोघांमधील अकराशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि ॲबिगेल यांच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग त्यांतूनच येतो.

युद्धकाळातील त्यांचे जीवन पत्रांतून दिसते तसे डोळ्यांसमोर आणा. १७ जून १७७५ रोजी बंकर हिलची लढाई झाली, तेव्हा सात वर्षांच्या जॉन क्विन्सीला घेऊन त्या घराजवळच्या पेन्स हिल या टेकडीवर गेल्या. तेथून दूरवरचा धूर दिसत होता, तोफांचे आवाज ऐकू येत होते. मुलाच्या मनावर त्या दिवसाचा ठसा म्हातारपणापर्यंत राहिला. त्याच वर्षी आमांशाची साथ आली. घरातील माणसे एकामागून एक आजारी पडली, आणि शुश्रूषेला येणारी त्यांची आई त्याच साथीत वारली. पुढच्या जुलैत त्यांनी मुलांसह बॉस्टनला जाऊन देवी टोचून घेतल्या. तेव्हा रोग्याच्या फोडातील लस निरोगी माणसाला टोचत. जीवाला धोका असे. पती शेकडो मैल दूर असताना हा निर्णय त्यांनी घेतला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा बॉस्टनच्या सज्जातून वाचला गेला, त्या गर्दीत त्या होत्या, त्या याच उपचाराच्या दिवसांत. शेतीवर मजूर मिळत नव्हते, कर वाढत होते, चलन घसरत होते. हे सर्व त्या एकट्या निभावत होत्या.

आता १७७६ च्या मार्च महिन्यातील त्यांच्या प्रसिद्ध पत्राकडे वळू. नवे कायदे करताना स्त्रियांची आठवण ठेवा, असे त्यांनी पतीला लिहिले, हे बहुतेकांना ठाऊक असते. नेमके काय मागितले होते, ते मात्र सांगितले जात नाही. त्यांनी मताधिकार मागितला नव्हता. पतींच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नये, आणि कायद्याच्या आधाराने स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याची मुभा पुरुषांना राहू नये, एवढी ती मागणी होती. ती समजण्यासाठी तेथील कायदा लक्षात घ्यावा लागेल. इंग्लंडकडून आलेल्या त्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विरघळून जाई. तिची मिळकत पतीची, तिची मजुरी पतीची. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. राजाच्या मनमानीविरुद्ध लढणाऱ्या पुरुषांनी घरातली राजेशाही तशीच ठेवली आहे, हा त्या पत्राचा रोख होता. शेवटी त्यांनी बंडाचा इशाराही दिला, अर्धा थट्टेत, अर्धा खरा.

जॉन यांनी उत्तरात ते हसण्यावारी नेले. ॲबिगेल यांनी मग मर्सी ओटिस वॉरन या लेखिका-मैत्रिणीला पत्र पाठवून दोघींनी मिळून काँग्रेसकडे अर्ज करावा असे सुचवले. तो अर्ज कधी गेला नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पत्नीपुढे विषय हसून टाळणाऱ्या जॉन यांनी काही आठवड्यांतच जेम्स सलिव्हन या सहकाऱ्याला गंभीरपणे बजावले की मताधिकाराच्या अटी ढिल्या करू नयेत. तसे केल्यास स्त्रियाही हक्क मागू लागतील. पत्र विसरले गेले नव्हते. पुरुषाशी बोलताना ज्या प्रश्नाला युक्तिवाद लागतो, त्याच प्रश्नाला घरात विनोद पुरतो, हे तुम्ही स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहा.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲबिगेल यांनी पवित्रा बदलला. या दुसऱ्या पत्राकडे अभ्यासकांखेरीज फारसे कोणी लक्ष देत नाही; माझ्या मते ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे. देशाला वीर, मुत्सद्दी आणि तत्त्वज्ञ हवे असतील तर विदुषी स्त्रियाही हव्यात, कारण बालपणीचे संस्कार सर्वांत खोल रुजतात, असा मुद्दा त्यांनी मांडला. पाच महिन्यांपूर्वी त्या हक्काची भाषा बोलत होत्या. आता त्या उपयुक्ततेची भाषा बोलू लागल्या. आणि जॉन या वेळी हसले नाहीत, त्यांनी सहमती दर्शवली. स्त्रीने स्वतःसाठी काही मागितले तर ते हास्यास्पद ठरते आणि मुलांसाठी मागितले तर रास्त ठरते, हे त्यांना उमगले असावे. प्रजासत्ताक मातृत्वाच्या आदर्शाने पुढे अमेरिकेत मुलींच्या शाळांची दारे उघडली, ती याच किल्लीने. किल्ली उपयोगी होती, यात शंका नाही. तिची किंमत काय पडली, ते आता पाहू.

स्वतःच्या मुलांच्या बाबतीत ॲबिगेल यांनी हा आदर्श अक्षरशः पाळला. १७७८ मध्ये जॉन राजदूत म्हणून फ्रान्सला निघाले, तेव्हा दहा वर्षांचा जॉन क्विन्सी त्यांच्याबरोबर गेला. त्याला लिहिलेल्या एका पत्रात, तू दुराचारी निपजण्यापेक्षा समुद्रात बुडून गेलेला मला चालेल, अशा आशयाचे वाक्य आहे. वाचताना आज अंगावर काटा येतो. ते पत्र निष्ठुर आईचे नाही. मुलाचे चारित्र्य बिघडले तर राष्ट्राचा पाया आपल्या हातून ढासळला, असे खरोखर मानणाऱ्या आईचे ते आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रवासाला जायला तो नाखूश होता, तेव्हा त्यांनीच त्याला समजावून धाडले आणि मागाहून लिहिले की थोर माणसे सुखाच्या काळात घडत नाहीत. या वेळी नऊ वर्षांचा चार्ल्सही बरोबर गेला. तो घरच्या आठवणीने झुरला आणि शेवटी एकटाच परत निघाला. युद्धकाळातील तो प्रवास जवळजवळ पाच महिने चालला.

नॅबी मात्र घरीच होती. भावांना परदेश, भाषा, दरबार. तिला आईची सोबत. पुत्राला नागरिक म्हणून घडवायचे, पण कन्येला कशासाठी? भावी नागरिकांची माता म्हणून, एवढेच उत्तर त्या आदर्शाजवळ होते.

दरम्यान संसार चालवण्यासाठी ॲबिगेल यांनी व्यापार सुरू केला. जॉन युरोपातून रुमाल, फिती, टाचण्या, चहा अशा वस्तू पाठवत आणि त्या नातलगांकरवी विकत. जॉन यांचा भरवसा जमिनीवर. ॲबिगेल यांनी हिशेब करून सांगितले की किंमत उतरलेले सरकारी रोखे घेतल्यास अधिक लाभ होईल, आणि आपल्या मावशीचे पती कॉटन टफ्ट्स यांच्यामार्फत तसे घेतलेही. सैनिकांना वेतनापोटी मिळालेले आणि गरजेपोटी त्यांनी स्वस्तात विकलेले कागदही अशा व्यवहारांत फिरत असत. तेव्हा यात निखळ सद्गुणच होता असे म्हणण्याचे कारण नाही. संघराज्याने १७९० मध्ये जुनी कर्जे फेडण्याची हमी घेतली आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. या पैशाचा काही भाग त्या माझा पैसा म्हणत. कायद्याच्या दृष्टीने या शब्दप्रयोगाला काहीही अर्थ नव्हता.

१७८४ मध्ये त्या नॅबीसह समुद्र ओलांडून पतीकडे गेल्या. पॅरिसजवळ काही महिने, मग लंडनमध्ये जवळजवळ तीन वर्षे त्यांचे वास्तव्य होते. राजदूताची पत्नी म्हणून दरबारी समारंभांना त्या कंटाळत. लंडनमधील एका गोष्टीचा आनंद मात्र त्यांनी मनापासून नोंदवला आहे. विज्ञानावरील बारा व्याख्यानांच्या मालेसाठी त्यांनी वर्गणी भरली. आजारपणामुळे पाचच व्याख्याने ऐकता आली : वीज, चुंबकत्व, द्रव, वायू आणि प्रकाश यांविषयीची. बेचाळीस वर्षांच्या वयात त्या प्रथमच एखाद्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसल्या होत्या. आपल्या देशातील स्त्रियांना हे जग पाहायलाच मिळत नाही, याची रुखरुख त्यांनी आपल्या भाचीला कळवली.

परतल्यानंतरची उपराष्ट्राध्यक्ष व राष्ट्राध्यक्ष यांची पत्नी म्हणून झालेली बारा वर्षे आपण लवकर ओलांडू. त्यांचा तपशील इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. तीन नोंदी पुरेत. पहिली, न्यू जर्सी राज्याच्या १७७६ च्या घटनेने मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रियांना व विधवांना मतदान शक्य केले होते. १७९७ मध्ये ॲबिगेल यांनी बहिणीला लिहिले की आमच्या राज्याची घटना तितकी उदार असती तर मीही मत दिले असते. न्यू जर्सीतील स्त्रियांचा हा हक्क १८०७ मध्ये काढून घेण्यात आला. दुसरी नोंद त्याच वर्षाची. घरातील कृष्णवर्णीय नोकर मुलाला त्यांनी स्वतः वाचायला शिकवले आणि गावातील रात्रशाळेत घातले. शेजारी तक्रार घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला ठणकावले की रंगामुळे मुलाला शिक्षण नाकारणे हे ख्रिस्ती धर्माला आणि समतेच्या तत्त्वाला सोडून आहे. मुलगा शाळेत राहिला. धर्मोपदेशक असलेल्या त्यांच्या वडिलांच्या घरीच गुलाम होते, हे यासोबत वाचावे. तिसरी नोंद त्यांच्या बाजूची नाही. पतीवर टीका करणाऱ्या वृत्तपत्रांना शिक्षा देणाऱ्या १७९८ च्या कायद्याला त्यांनी हिरिरीने पाठिंबा दिला. स्वातंत्र्याचा विचार त्यांनी सर्वत्र सारखा लावला, असे नाही.

नोव्हेंबर १८०० मध्ये त्या वॉशिंग्टनमधील अर्धवट बांधलेल्या राष्ट्राध्यक्ष-निवासात राहायला निघाल्या. आज जेथे मेजवान्या होतात त्या मोठ्या दालनात त्यांनी धुणे वाळत घातले, ही गोष्ट सर्वजण गमतीने सांगतात. त्या प्रवासात वाटेवर न्यूयॉर्कला त्या चार्ल्सला भेटल्या, हे कमी सांगितले जाते. तोच चार्ल्स, जो लहानपणी एकटा परतला होता. तो वकील झाला होता आणि मद्याच्या पूर्ण आहारी गेला होता. भावाने विश्वासाने सोपवलेले पैसेही त्याने घालवले होते. जॉन यांनी वर्षभर आधीच त्याचे नाव टाकले होते. ॲबिगेल त्याच्या उशाशी बसल्या, तो वाचणार नाही हे त्यांनी ओळखले, आणि त्याच्या चार वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन पुढे गेल्या. नोव्हेंबर संपण्यापूर्वी चार्ल्स वारला. त्याचे वय तीस होते. याच व्यसनाने ॲबिगेल यांचा सख्खा भाऊ गेला होता, आणि धाकटा थॉमसही पुढे त्याच वाटेला लागला.

येथे थोडे थांबा आणि विचार करा. मातेचे संस्कार हाच प्रजासत्ताकाचा पाया असेल, तर जॉन क्विन्सींच्या यशाचे श्रेय मातेला मिळते. मग चार्ल्सच्या मृत्यूचा दोष कोणाच्या पदरी पडतो? व्यसन हा आजार असू शकतो, हा विचार त्या काळी रुजलेला नव्हता; ते दुराचरण मानले जाई, आणि दुराचरण म्हणजे संस्कारांतील उणीव. त्या आदर्शाने मातेला पद दिले नव्हते, पगार दिला नव्हता, मत दिले नव्हते. जबाबदारी मात्र संपूर्ण दिली होती. ॲबिगेल यांनी नातलगांना लिहिलेल्या पत्रांत आपला मुलगा कोणाचा शत्रू नव्हता, स्वतःचाच होता, अशा अर्थाने त्याची बाजू घेतली. पतीने टाकलेल्या मुलाला मातेने टाकले नाही.

नॅबीच्या वाट्याला कर्जबाजारी, सट्टेखोर पती आला. १८११ मध्ये तिच्या स्तनातील कर्करोगाची शस्त्रक्रिया आईवडिलांच्या घरी झाली, भूल देण्याचे औषध ज्ञात नसताना. रोग उलटला. शेवटचे दिवस आईजवळ काढावेत म्हणून ती दूरच्या प्रवासाचे हाल सोसून क्विन्सी गावी परतली आणि ऑगस्ट १८१३ मध्ये तिने तेथेच देह ठेवला. पाच अपत्यांपैकी तीन मातेच्या डोळ्यांदेखत गेली. जॉन क्विन्सी १८२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. ते पाहायला ॲबिगेल नव्हत्या. ऑक्टोबर १८१८ च्या अखेरीस विषमज्वराने त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या कागदपत्रांत एक मृत्युपत्र निघाले. जानेवारी १८१६ मध्ये ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. पती हयात असलेल्या स्त्रीला मृत्युपत्र करण्याचा अधिकार नव्हता, हे वकिलाशी एक्कावन्न वर्षे संसार केलेल्या ॲबिगेल यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? माहेरकडून आलेल्या जमिनीतील हिस्से त्यांनी दोन्ही हयात मुलांना दिले. बाकी सारे, रोख रक्कम, रोखे, रेशमी वस्त्रे, दागिने, त्यांनी स्त्रियांना वाटले : नाती, भाच्या, सुना, घरात काम करणाऱ्या स्त्रिया. मद्यपी भावाची जी मुलगी त्यांनी लहानपणापासून वाढवली होती आणि जी अविवाहित राहिली, तिला भरघोस वाटा मिळाला. नातवांना काही नव्हते.

त्या कागदाला न्यायालयात किंमत नव्हती, आणि जॉन यांनी तो बाजूला सारला असता तर कोणी हरकत घेऊ शकले नसते. त्यांनी त्यावर कोणताही वाद घातला नाही. पुढच्या काळात ज्याचा त्याचा, खरे तर जिचा तिचा, वाटा पोहोचता झाला.